उलटी हाक

चिचघाटच्या लटारू नावाड्याने दुसऱ्यांदा वाढलेला भात जन्मात पाहिला नव्हता. घरात धानाला तोटा होता असं समजू नका. घाटावरच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला होता आणि तो न मागता मिळायचा. तोटा होता तो सवडीचा. चार घास पोटात जातात न जातात तोच वैनगंगेच्या पलीकडून हाक यायची, "डोंगा आण गाऽऽ!" की लटारू उठलाच. हात धुवायचा तो नदीत. भरल्या ताटावरून उठू नये हे शहाणपण इतर घरांसाठी असावं. नावाड्याच्या घरी कायदा वेगळा होता. हाक कानी पडली आणि डोंगा हलला नाही, तर त्या घराण्याच्या तोंडाला काळं, असं सगळा घाट मानायचा, आणि सगळ्यांहून जास्त मानायचा तो लटारू.

घाटाखाली खोल डोह होता, त्यामुळे उन्हाळ्यातही नदीला उतार मिळत नसे. म्हणजे बारमाही हाक. लटारूची बायको भागीरथा लग्न होऊन आली तेव्हापासून हे ताट झाकायचं काम करत होती. नवरा तापाने पडला की तीच बांबू घेऊन डोंग्यात उभी राहायची, पण गावाच्या लेखी नावाडी लटारूच. पोर एकच, तीही लग्न होऊन चिमूरकडे गेलेली. मागे उरली ही दोन माणसं, एक डोंगा आणि झाकलेलं ताट.

झाकलेल्या ताटाची भागीरथाला धास्ती होती. तिच्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी भादव्यात पूर आला. लटारू त्या दिवशी बाजाराला गेला होता. सासरा झिंगू सत्तरीला टेकलेला, डोळ्यांनी अधू, तरी बांबू सोडत नव्हता. पलीकडून हाक आली आणि म्हातारा ताटावरून उठला. डोंगा पुढे कोसभर खाली झाडोऱ्यात अडकलेला सापडला. म्हातारा सापडला नाही. सासूने त्याचं ताट झाकून ठेवलं ते कुणाला उचलू देईना. शेवटी ते धुतलं या नव्या सुनेने. आंबलेल्या भातात म्हाताऱ्याच्या चार बोटांची खूण तशीच होती. ती खूण भागीरथाने पाण्याने मोडली आणि त्याच दिवशी मनाशी गाठ मारली की आपल्या नवऱ्याचं ताट असं धुवायचं नाही. पण कसं, ते तिला तेव्हा कळत नव्हतं.

ते कळलं मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेल्यानंतरच्या हिवाळ्यात, आणि तेही एका शब्दावरून. जंगलखात्याच्या नाकेदाराची बायको अन्नपूर्णाबाई डोंग्यात बसली होती. भागीरथा मासोळीची टोपली घेऊन तिच्याच शेजारी.

"आता आमचे हे घरीच राह्यते," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "दोघं संगंच बसतो जेवाले. पोटभर."

"काऊन, बीमार हायेत का?"

"नाई वो. पिन्सन झाली त्याइची."

भागीरथाने तो शब्द पदराला बांधून घरी आणला. तिची समजूत अशी झाली की नवराबायकोने एकत्र बसून, न उठता, पोटभर जेवणं याला सरकारात पिन्सन म्हणतात. पुढे नानाजी पाटलांनी तिला समजावलं, की बाई, पिन्सन म्हणजे सरकारी माणसाला म्हातारपणी घरबसल्या मिळणारा पैसा. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"असंन भाऊ," ती म्हणाली. "पण आमाले पैसा नाई पाह्यजे. आमाले पिन्सन पाह्यजे."

लटारूपुढे तिने विषय काढला तो जाळं वाळवताना. "अवो, आपली पिन्सन कधी?"

तो हसला. "नावाड्याले कायची पिन्सन? माह्या बापाची झाली तशी माही होईन."

भागीरथा हसली नाही. जाळ्याचं टोक खाली ठेवून म्हणाली, "म्हणूनच पुसतो. हातपाय धड हायेत तोवर सोडाचं. हातपाय गेल्यावर सोडलं तं ते सोडणं नोहे, पडणं होय."

"अन् खाचं काय? वारा?"

या प्रश्नाची ती वाटच पाहत होती. गावाबाहेर मालगुजाराची जुनी बोडी होती, धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला कधीकाळी खोदलेलं लहान तळं. आता ती गाळाने इतकी भरली होती की म्हशीसुद्धा तिच्याकडे पाठ फिरवायच्या. भागीरथाने पंचायतीत जाऊन ती शिंगाड्यासाठी मागितली. पंच म्हणाले, गाळ काढून दाखवा आणि खुशाल खा. त्यांना वाटलं, बाई आठ दिवसांत थकेल. ती तीन उन्हाळे थकली नाही. सकाळी कुदळ आणि टोपली घेऊन जायची. दोन हाकांच्या मधे लटारू यायचा, चार टोपल्या टाकायचा, कान मात्र नदीकडे. तिसऱ्या पावसाळ्यात बोडी भरली, शिंगाड्याची वेल पाण्यावर पसरली, पाळीवर कुडाची झोपडी उभी राहिली, तिच्यावर भोपळा चढला, दारात तीन शेळ्या आल्या.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवर. शिंगाडे तोडायला लटारूला बोडीत एक लहानसा डोंगा हवा होता.

"डोंगा नाई," भागीरथा म्हणाली.

"लहानसा वो. एकाच माणसाचा."

"डोंगा आला का त्याच्यामांगं हाक येईन. दोन मडके बांधू बांबूले, त्याच्यावर पोट टेकून तोडाचे."

लटारू रुसला, दोन दिवस बोलला नाही, आणि तिसऱ्या दिवशी कुंभाराकडून स्वतःच दोन मडकी घेऊन आला.

घाट कोणाला द्यायचा हेही तिनेच हेरून ठेवलं होतं. लटारूचा पुतण्या झाडू, दोन लेकरांचा बाप, अंगाने पैलवान. डोंगा हाकायला तो शिकला तो या दोघांजवळच. पण त्याची बायको वच्छला टोकाची बोलणारी होती. बल्लारपूरच्या कागद गिरणीसाठी ठेकेदार बांबू तोडायला माणसं नेत होते. तिने सांगून टाकलं होतं, या दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत घाट हाती आला तर राहू, नाहीतर बिऱ्हाड उचलू. अन् झाडू गेला की पुढचा माणूस शिंगाड्याच्या वेलीला लागत नाही. घाट पुन्हा लटारूच्या गळ्यात, म्हातारा होईपर्यंत.

गावाला हे कळलं तेव्हा गावाने गावाचं काम केलं. पाण्यावर आलेली गुणाबाई भर घाटावर म्हणाली, "काय वो भागीरथाबाई, लटारूभाऊ बसून राह्यले म्हणते?"

आता हा 'बसला' शब्द आमच्याकडे बैलाला लावतात. नांगराचा बैल चिखलात गुडघे टेकतो आणि शेपटी पिरगाळली तरी उठत नाही, तेव्हा म्हणतात, बैल बसला. लटारूला तो शब्द झोंबला. पन्नाशीही न गाठलेला माणूस, हाताला बांबूचे घट्टे, आणि लोक म्हणतात बसला. त्या दिवशी तो घरी येऊन म्हणाला, "राहू दे. अजून दोन-चार साल काढतो."

भागीरथाने आवाज चढू दिला नाही. "बैलाले कोणी पुसून बसवत नाई," ती म्हणाली. "तुमाले मी पुसून बसवतो. तीन साल गाळ काहाडला, तो काय लोकाइसाठी काहाडला?"

लटारू बांबू उचलून घाटावर गेला. पण मनातली अढी राहिलीच, आणि ती ऐन मंडईच्या दिवशी बाहेर आली.

चिचघाटात नावाडी असा सहजासहजी सुटत नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, दोन्ही तीरांचे लोक जमतात, दंडारीचं नाचगाणं होतं. त्या दिवशी जुन्या नावाड्याने नव्या नावाड्याच्या डोंग्यात बसून पलीकडे उतरायचं. नवा रिकामा डोंगा घेऊन परत येतो. मग जुन्याने पलीकडून, इतर कोणी उतारू मारतो तशी हाक मारायची. नवा त्या हाकेला जातो, जुन्याला घेऊन येतो, जुना उतरताना पसाभर तांदूळ त्याच्या ओंजळीत घालतो, आणि घाट सुटला. हिला उलटी हाक म्हणतात. दिवस मावळायच्या आत हाक आली नाही तर घाट जुन्याकडेच, पुढच्या मंडईपर्यंत. गावातल्या कोणीही ही हाक उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती, कारण लटारूच्या घराण्यातले सगळे नावाडी नदीनेच सोडवले होते.

मंडईच्या सकाळी भागीरथा डोंग्याच्या आडोशाला झाडूशी दोन शब्द बोलली. झाडूने आधी मान हलवली, मग डोकं खाजवलं, मग पुन्हा मान हलवली. दुपार कलल्यावर लटारू डोंग्यात बसला, तर ही शिदोरी घेऊन त्याच्या मागे.

नानाजी पाटील म्हणाले, "बाई, तुमचं तिथी काय काम? नावाड्याची रीत हाये."

"जेवण घेऊन जातो, भाऊ," ती म्हणाली. "लवकर हाक मारली तं वापस आणीन."

पलीकडे दोघं उतरली. झाडू रिकामा डोंगा घेऊन परत गेला. अलीकडच्या तीरावर डफ वाजत होता, पोरं झाडांवर चढली होती. लटारू वाळूवर उभा राहिला, हात कमरेवर ठेवून.

"मारा ना हाक," भागीरथा म्हणाली.

"वारा पडू दे."

वारा पडला. "डफ थांबू दे. आयकू नाई जाईन." डफही थांबला, सगळा तीर कान टवकारून उभा राहिला. लटारूने खाकरून घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि मिटलं. भागीरथाने शिदोरी सोडली, बांधली, पुन्हा सोडली. सूर्य गावामागच्या मोहाच्या झाडांवर उतरला. गावाच्या तीरावर वच्छला लेकरू कडेवर घेऊन बाजूला उभी होती, ती दिसत होती.

"अवो, दिवस चालला."

"नाई निघत," लटारू म्हणाला. तो वाळूत बसला आणि पहिल्यांदा खरं बोलला. "मी हाक मारणारा नोहो, भागीरथे. मी हाकेले जाणारा होय. ते तोंडातून निघालं का मंग मी कोण राह्यलो? बोडीवरचा कोणी म्हातारा. माह्या बापानं नाई मारली."

"तुमच्या बापाचं ताट मी धुतलं," भागीरथा म्हणाली. इतकी वर्षं तिने हे त्याला सांगितलं नव्हतं. "भातात बोटं उमटून होती त्याइची. तुमचं ताट मी धुणार नाई. आयकून ठेवा."

लटारूने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. पण वाईट वाटून हाक निघत नाही. तिला त्याचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही गिळून ती उठली. पदर कमरेला खोचला, पाण्याच्या कडेला गेली, आणि जी हाक तिने आयुष्यभर ताटावर बसून शिव्या देत ऐकली होती ती स्वतः मारली.

"डोंगा आण गाऽऽ!"

हाक नदीवरून सरळ गेली. पलीकडचा तीर चूप झाला. झाडू बांबू हातात घेऊन डोंग्यात उभा होता. तो हलला नाही.

तिने पुन्हा हाक मारली. झाडू तसाच.

लटारू बसल्या जागी चुळबुळला. "काऊन हालून नाई राह्यला तो?"

"बाईची हाक हाये. नावाड्याची पाह्यजे. त्याले काय पडलं?"

"बाई असो नाईतं माणूस असो. हाक हाये ना!" तो उठून उभा राहिला. "आयकू नाई आलं का त्याले? माह्यापरस तं कान तेज हाये त्याचे."

तिसऱ्या हाकेला भागीरथाचा आवाज फाटला, आणि तो मुद्दाम फाटलेला नव्हता. मोहाच्या शेंड्यांखाली सूर्य अर्धा गेला होता. तिला भीती वाटली की आपलं गणित चुकलं, तीन वर्षांचा गाळ पुन्हा बोडीत गेला. आणि पलीकडे तो सांड बांबू टेकून उभाच.

जित्याची खोड, म्हणतात ना. उतारू हाक मारतो आहे आणि डोंगा हलत नाही, ही गोष्ट लटारूच्या डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. त्याचं डोकं फिरलं. तो धोतरासकट गुडघाभर पाण्यात शिरला, दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा त्याने बाहेर काढला.

"अबे झाडू! बहिरा झाला का बे? माणूस उभं हाये ना इकडं! डोंगा आण गाऽऽ!"

त्याची हाक पलीकडे पोचायच्या आत झाडूचा बांबू पाण्यात शिरला होता. तीरावर डफ कडाडला, पोरं झाडांवरून ओरडली, नानाजी पाटलांनी फेटा हातात घेऊन हलवला. लटारू पाण्यात उभा होता तसाच राहिला, हात अजून तोंडाजवळ.

"मारली का मी?" त्याने विचारलं.

"मारली," भागीरथा म्हणाली.

त्याचे डोळे भरून आले. त्याने ते ओल्या हाताने पुसले, त्यामुळे काहीच फरक पडला नाही. ती त्याच्या शेजारी पाण्यात जाऊन उभी राहिली आणि डोंगा येईपर्यंत दोघं तिथेच थांबली, इतर उतारू थांबतात तशी.

डोंगा मधल्या धारेत आला तेव्हा झाडू हळूच म्हणाला, "काकी, तुह्या तिसऱ्या हाकेले माहा पाय उठलाच होता. लय मुश्किलीनं दाबला."

लटारूने आधी पुतण्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "म्हणजे? तूच सांगतलं होतं त्याले, हालू नको म्हणून?"

"सकाळीच."

"तीन साल सारं माह्यासंग ठरवलं, अन् हे माह्याबिगर?"

"तुमच्याबिगर नाई. तुमच्याच भरोशावर," ती म्हणाली. "हाक आली अन् तुमी गप राह्यले, असं कधी झालं?"

 काठ जवळ आला तसा लटारूचा हात सवयीने बांबूकडे गेला, आणि तिथून तो खिशातल्या तांदळाच्या पुरचुंडीकडे वळला. पसाभर तांदूळ झाडूच्या ओंजळीत पडले. वच्छलाने लेकराला खाली ठेवलं आणि काका-काकींच्या पाया पडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बोडीच्या पाळीवर, झोपडीच्या सावलीत भागीरथाने दोन ताटं मांडली. भात, लाखोळीचं वरण, झिंग्यांची चटणी. दोघं एकदम बसली. बोडीत मडक्यांची जोडी वेलीला टेकून तरंगत होती, शेळ्या भोपळ्याच्या पानांवर डोळा ठेवून होत्या.

तिसऱ्या-चौथ्या घासाला नदीकडून हाक आली. लांबून, पण ओळखीची. "डोंगा आण गाऽऽ!"

लटारूचा हात घासासकट मधेच थांबला. भागीरथाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती ताटातली चटणी भातात कालवत राहिली, कालवून झालेली होती तरी. मग नदीकडून डोंग्याच्या काठावर बांबू आपटल्याचा आवाज आला. लटारूने घास तोंडात घातला आणि सावकाश चावला.

तो जेवत राहिला. ताट स्वच्छ केलं, बोटं चाटली, आणि रिकाम्या ताटाकडे जरा वेळ बघत बसला. असं ताट त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"भात हाये का अजून?" त्याने विचारलं.

भागीरथाने भाताच्या गंजात हात घातला. गंज रिकामा होता. तिने गाळाचा विचार केला होता, वेलीचा केला होता, शेळ्यांचा, भोपळ्याचा, झाडूच्या पायाचासुद्धा. फक्त तांदूळ तिने रोजच्याच मापाने घेतले होते. आजवर त्या घरात दुसऱ्यांदा भात कोणी मागितलाच नव्हता. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं, आणि ते तिने लपवलं नाही.

"नाई," ती म्हणाली. "टाकलाच नाई मी."

"राहू दे मंग," लटारू म्हणाला आणि सवयीने जमिनीला हात टेकून उठू लागला.

"बसा," भागीरथा म्हणाली. तिने मडक्यातून दोन मापं तांदूळ सुपात ओतले आणि चुलीत नवं लाकूड सारलं. "मी शिजवतो."

आणि लटारू बसला.